भोपळ्याला वास लागतो

दुकानात पाटी आहे, खडूनं लिहिलेली:
"इथे काडी ओढू नये."
लाख, स्पिरिट, तुणीच्या फळ्या, वाळलेले भोपळे,
एक ठिणगी उडाली तर
मिरजेची अख्खी सतारमेकर गल्ली एकाच सुरात जाईल.

मी म्हणालो, चाचा, ही काडी नाही.
जाळ नाही, राख नाही.
अहो, हा धूरच नाही, वाफ आहे.
शिकवणीच्या पोराला समजवावं
तसं बोट नाचवत बोललो.
गौसचाचांनी जवारीवरची कानस थांबवली नाही.
"वाफ तर वाफ. बाहेर."

तेव्हा माझ्याकडे उत्तरं फार होती.
स्टँडवरच्या कंट्रोलरला एक,
मेव्हण्याला एक,
दवाखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनला तर तीन,
टक्केवारीसकट.
रात्री अंथरुणात आणखी धारदार सुचायची,
आणि ज्याला द्यायची तो माणूस
केव्हाच घरी जाऊन घोरत असायचा.

जुम्म्याला चाचा नमाजाला गेले
की मी आतच ओढायचो.
आंब्याच्या वासाची.
पंखा लावायचो, दार उघडं टाकायचो,
कुणाला कळतंय.

फेब्रुवारीत धारवाडच्या बाई आल्या सतार न्यायला.
तार छेडायच्या आधी
त्यांनी भोपळ्यापाशी नाक नेलं.
"अय्यो, ह्यात आंबे पिकत घातले होते काय?"
चाचा हसले. मीही हसलो,
जरा जास्तच.

बाई गेल्यावर त्यांनी एक कोरा भोपळा
माझ्या मांडीवर ठेवला, मंगळवेढ्याकडचा,
वर्षभर माळ्यावर वाळलेला.
"बसू, हा पोकळ आहे म्हणून सूर धरतो.
वास काय दाराबाहेर थांबेल?"
आणि परत कानस.
ओरडले असते तर बरं झालं असतं.
ओरडण्याला माझ्याकडे उत्तर होतं.

तेव्हापासून मागचा बोळ.
तिथं चंद्रव्वा मिश्रीचं बोट दाढेला लावून बसते,
हळदीच्या अड्ड्यावरचा तुकाराम हमाल विडी पेटवतो,
आणि मी हे, निळ्या दिव्याचं.
तिथंही मी उपराच.
"पेन चोखतंय बघ पोरगं," तुकाराम म्हणतो,
"आईनं दूध लवकर तोडलं वाटतं."
यावरही एक उत्तर होतं.
तोंडापर्यंत आलं, गिळलं.
वाफेसारखंच गेलं ते, वासही न ठेवता.

एक दिवस इलाहीचाचा आले, गौसचाचांचे धाकटे भाऊ.
पूर्वी सतार लावताना तेच गाऊन सूर द्यायचे.
आता गळ्यात भोक, त्यावर पांढरी मलमल.
बोलायचं तर बोट ठेवावं लागतं.
विडीवाले दोघं गुपचूप उठले.
मी उठणार,
तर त्यांनी हात पुढं केला: दाखव.

उलटंसुलटं करून बघितलं,
खराब तबल्याची शाई बघावी तसं.
बोट गळ्याशी नेलं.
"विकायला बंदी आहे ना ह्याला?"
"आहे."
"मग?"
"मिळतं."
थोडा वेळ नुसता श्वासाचा आवाज.
"ह्यानं सुटली?"

सगळी उत्तरं ओळीनं उभी राहिली,
टक्केवारी सगळ्यात पुढं.
मी म्हणालो,
"विडी सुटली, चाचा. हे नाही सुटलं."

त्यांनी मान हलवली.
उपदेश नाही, दुवा नाही,
सदऱ्याला पुसून माझी वस्तू मला परत दिली.

वारा नदीकडून येत होता,
माझ्या अंगावरून थेट त्यांच्या मलमलीवर.
मी उठलो, त्यांच्या पलीकडे जाऊन बसलो.
खिशातून काढलं नाही.

नंतर काढलं, ते गेल्यावर.
खोटं कशाला सांगू.